शेफाली कुणाशी बोलते

आमच्या इंद्रजीतला दुसरी मुलगी झाली, ते वर्ष दोन हजार चोवीस. धाकटीच्या नामकरणाला धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणूस मावत नव्हता. त्रिशरण झालं, पंचशील झालं, खीर वाटून झाली, आणि पाहुणे पांगल्यावर सूनबाई निकिता मला म्हणाली, बाबा, आता शेफालीला बालवाडीत न्यायचं-आणायचं तुम्हीच बघा. मी लगेच हो म्हणालो. मला तेच हवं होतं. शेफाली आमची थोरली नात, चौथं लागलं होतं तरी बोलत नव्हती. मुकी नव्हती. कान डॉक्टरांनी तपासले होते, ते चांगले होते. झोपेत बोलायची, बाहुलीशी कुजबुजायची, पण माणूस समोर आलं की ओठ मिटून घ्यायची. निकिता रडकुंडीला यायची, इंद्रजीत मोबाईलवर गाणी लावून द्यायचा. मला मात्र तिची काही अडचण नव्हती. माझ्या खांद्यावर टॉवेल असतो, त्याचं टोक हातावर पडतं. त्याच्याखाली ती हात घालायची आणि माझी बोटं धरायची. एक बोट धरलं की पाणी. दोन धरली की खाली फिरायला जायचं. पूर्ण पंजा धरला की कडेवर घ्यायचं, आणि अंगठा दाबला की समोरचं माणूस तिला आवडलेलं नाही, इथून चला. घरात हे दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. इंद्रजीत म्हणायचा, बाबा, तुम्हाला कसं कळतं हिचं? मी काही सांगत नसे. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाकडे नसलेली अशी एवढीच एक वस्तू माझ्याकडे आली होती.

तर दिवाळीनंतर एक दिवस मी बालवाडीच्या मागच्या खिडकीशी उभा होतो. तिथे रोजच उभा राहायचो. पालकांनी आत थांबायचं नाही असा नियम होता, खिडकीचा नियम कुणी केला नव्हता. आत सतरंजीवर पाच मुलं आणि मधे नम्रताताई. बाकीची मुलं पलीकडे ठोकळे खेळत होती. शेफाली ताईंच्या अगदी मांडीला लागून बसली होती, आणि तिचा हात दिसत नव्हता. मी जाळीला डोळा लावला. हात ताईंच्या ओढणीखाली होता. ओढणी हलत होती. आणि नम्रताताई खाली न बघता, दुसऱ्या एका मुलाचं बोलणं ऐकता ऐकता म्हणाल्या, पाणी हवंय होय तुला? आणि शेफाली मान हलवून हसली.

उंचावर पाठीवर पोतं असताना पायाखालची फळी हलावी तसं मला झालं. खरं तर झालं काय होतं? पोरीला तहान लागली, बाईंना कळलं. मी तिथून निघून रस्त्यावर आलो, रसवंतीच्या बाकावर बसलो आणि मला कळेना की मला राग कुणाचा आला आहे. ती बोटं माझी होती. माझीसुद्धा नव्हती, मार्केट यार्डातली होती. मी तिथे नवीन हमाल लागलो तेव्हा काही जुने आडते भाव तोंडानं सांगत नसत. दोघं समोरासमोर उभे राहायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं धरायचे. चेहऱ्यावर काही नाही, वर ऊन-पावसाच्या गप्पा, आणि खाली हजारांचे भाव. पुढे ते बंद झालं, उघडा लिलाव आला, ओरडाआरडा आला. पण मी पोतं खांद्यावर घेऊन ते रुमाल बघत उभा राहायचो आणि मला वाटायचं, आपल्या हातावर असा रुमाल कधी कुणी टाकणार नाही. माझा बाप छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. शिका, शिका म्हणायचा आणि पहाटे मला बरोबर ओझी उचलायला न्यायचा. शाळा राहिली ती राहिली. तेव्हा मला अक्षरं येत नव्हती आणि ती बोटंही येत नव्हती, पण लोभ मला बोटांचा होता. पुढे एका म्हाताऱ्या आडत्यानं मजेत थोडी शिकवली. ती मी म्हातारपणी नातीला माझ्या पद्धतीनं दिली. आणि तिनं ती कुणाला नेऊन द्यावी? चार महिन्यांच्या ओळखीच्या बाईला.

नम्रताताई पंचविशीच्या असतील. बारीक, चष्मा, स्कूटरवर यायच्या. आधी त्याही इतर बायांसारख्याच शिकवत होत्या. केळं हातात धरून विचारायचं हे काय, मुलांनी ओरडायचं केळं, रंग कोणता, पिवळा, शाब्बास. माझी त्याला काही हरकत नव्हती. शेफाली त्या ओरडण्यात तोंड मिटून बसायची आणि सुटली की माझ्या टॉवेलखाली हात घालायची. मग दिवाळीच्या आधी ताई कसल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना वेगळ्याच होऊन आल्या. पाच-पाच मुलं घेऊन सतरंजीवर बसायला लागल्या. मधे काहीतरी ठेवायचं, कधी चाळणी, कधी फुटकं कुलूप, आणि हे काय असं विचारायचंच नाही. स्वतःचं काहीतरी सांगायचं. आमच्या घरच्या कुलपाची किल्ली एकदा हरवली आणि मी जिन्यातच बसले होते, असं काहीतरी. आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं मी खिडकीतून मोजायचा प्रयत्न करायचो आणि माझंच मन उडून जायचं. एवढा वेळ मार्केटात कुणी थांबला असता तर माल नासला असता. ताई नुसत्या मुलाच्या तोंडाकडे बघत थांबायच्या, घाई नाही, भुवयासुद्धा वर नाहीत. आणि मग एखादं मूल बोलायचं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. बालवाडीच्या मदतनीस मुक्ताई पाण्याचा हंडा घेऊन मागून जायच्या आणि मला बघून म्हणायच्या, "आजोबा, तुमचंही नाव घालू का पटावर? वय चालवून घेऊ." मी म्हणायचो, चप्पल शोधतोय, सापडत नाही. त्या म्हणायच्या, पायात आहे.

त्या थांबण्यातूनच शेफाली बोलायला लागली. निकितानं पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. काय बोलली, तर ताईंच्या कुलपाच्या गोष्टीवर म्हणाली, आमचं दार आबा उघडतात. माझ्याबद्दल होतं, पण मला नव्हतं सांगितलं. मग ताईंनी घरी निरोप दिला, की तिला काय हवं ते आपल्याला कळलं तरी लगेच हातात देऊ नका, जरा थांबा, तिला शब्द काढू द्या. निरोप सगळ्या घराला होता, पण निकिता माझ्या टॉवेलकडे बघत तो वाचत होती. त्याच दिवशी मी टॉवेल घडी करून खुंटीला लावला. मनात म्हटलं, ताईंना जमतं ते मला का जमू नये. दुपारी मटार सोलायला घेतले, शेफालीला समोर बसवलं. म्हटलं, हे काय आहे? ती गप्प. मी म्हटलं, मटार. किती आहेत? गप्प. कोणता रंग? तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि उठून गेली. कॉटवर माझी बायको कांता आडवी होती, ती भिंतीकडे तोंड करून हसली. म्हणाली, "अहो, लिलाव करताय का पोरीचा?" मला तिच्या हसण्याचाही राग आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग येत होता. ताईंची स्कूटर गेटाशी दिसली तरी. शेफाली जेवताना ताटातली कोशिंबीर बाजूला सारून म्हणायची, ताई पण नाही खात. झोपताना म्हणायची, ताईंच्या आईचं नाव शेवंता. मी तिला खांद्यावर घेऊन अख्खी धायरी फिरवलेली, माझ्या आईचं नाव तिला ठाऊक नव्हतं. पण ते तिला सांगायला मी तरी कधी गेलो होतो? तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

डिसेंबरात एका सकाळी सतरंजीच्या मधे कांदा होता. खिडकीशी ऊन आलं होतं, जाळी गरम होती. ताई म्हणाल्या, मला बाई कांदा कापताना फार रडू येतं, मग माझा भाऊ मला चिडवतो. आणि थांबल्या. एक मुलगा म्हणाला आमची मम्मी चष्मा लावते. एक म्हणाली आमच्याकडे मिक्सर आहे. ताई हं म्हणाल्या आणि थांबल्या. शेफालीनं कांद्याचं साल ओढलं. मग कांद्याकडेच बघत म्हणाली, "आजी नाही कापत कांदा."

ताई म्हणाल्या, "आजी नाही कापत."

"आजी बसते. उशी धरते पोटाला. घट्ट धरते."

ताईंनी काही विचारलं नाही. त्यांचा हात सतरंजीवर होता तो तसाच राहिला. शेफाली साल ओढत होती. म्हणाली, "मग आई ग म्हणते हळूच. आबा आले की उशी ठेवते. हसते."

मी जाळी धरून उभा होतो. कांता पोटाला उशी धरते. मी कॉटवरची ती उशी रोज बघत होतो, तिच्या अभ्र्याला पडलेली चुणीसुद्धा बघितली होती. खरं तर माणसानं ते ऐकून घराकडे धावत सुटायला हवं होतं. मी सुटलो नाही. मला आधी जे वाटलं ते हे, की ही गोष्ट ताईंना माझ्या आधी कळली. कांता आजारी आहे हे नंतर वाटलं. मधे किती वेळ गेला माहीत नाही, पण गेला. बाहेर भाजीचा टेम्पो भोंगा वाजवत गेला, मुक्ताई काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. सुटल्यावर ताई फाटकाशी आल्या, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या की आजोबा, घरात कुणाला बरं नाही का, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. मी म्हणालो, दाखवलंय. दाखवलं नव्हतं. त्यांना माझ्या घरातलं काही जास्त माहीत आहे असं मला दिसू द्यायचं नव्हतं. शेफालीचा हात धरून मी रस्त्याला लागलो आणि वाटभर तिला काही विचारलं नाही. तिच्या बोटाला कांद्याचा वास येत होता.

घरी कांता कॉटवर बसली होती. मी विचारलं, पोटात दुखतं का? म्हणाली नाही. जेवलीस का? हो. मग माझ्या लक्षात आलं, मी हो-नाहीचे प्रश्न विचारतोय, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला माणूस हो-नाही म्हणतं आणि सुटतं. पण दुसरं काय विचारतात ते मला कुठे येत होतं. मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, आज ऊन फार होतं. ती म्हणाली, काय पाहिजे तुम्हाला? मी खुंटीवरचा टॉवेल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याच्याखाली माझा हात तिच्यापुढे धरला. का केलं मला सांगता येत नाही. तिनं टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "माझ्याशी कधी केला होता का असा सौदा?" मी म्हटलं, धर. तिनं धरला. एक बोट नाही, दोन नाही, सगळा पंजा धरला आणि इतका दाबला की माझी हाडं वाजली. चेहऱ्यावर काही नव्हतं. जुन्या आडत्यांच्या चेहऱ्यावरही नसायचं.

पुढचं हॉस्पिटलांचं आहे, ते कुणाच्याही घरात एकसारखंच असतं. पोटात गाठ होती, पसरली होती, आता कापून उपयोग नाही असं म्हणाले. इंद्रजीत डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होता आणि मधेच मराठीवर आला. रिक्षात मी कांताला विचारलं, कधीपासून? म्हणाली, निकिताला दिवस होते तेव्हापासून. घरात बाळंतपण, त्यात मी कुठे आडवी पडू? मी म्हटलं, मला नाही सांगितलंस. ती बाहेर बघत होती. म्हटलं, शेफालीला सांगितलंस. तेव्हा ती म्हणाली, "ती कुणाला सांगणार होती?"

हे वाक्य घेऊन मी दिवसचे दिवस हिंडलो. दुपारच्या दुपार माझी बायको त्या चार वर्षांच्या पोरीला सगळं सांगत होती, कारण पोर बोलत नव्हती. मी बोलणारा, म्हणून मला नाही. की मी न ऐकणारा, म्हणून नाही? दोन्हींत फरक आहे आणि कोणता खरा ते मला हवं होतं. पोरीच्या पोटात साठलेलं ते सगळं नम्रताताईंनी सतरंजीवर बसून, नुसतं थांबून, एकेक करून बाहेर काढलं. म्हणजे कांताचं बोलणं नातीला, नातीचं ताईंना, आणि मी खिडकीबाहेर. मला दोघींचा हेवा वाटायचा, मग तिघींचा. झोपलेल्या कांताचासुद्धा, कारण शेफाली शाळेतून आली की चप्पल न काढता तिच्याकडेच धावायची. एका दुपारी मी ताईंना गाठलं. त्या सतरंजी झटकत होत्या. सरळ म्हटलं, तिनं अजून काय काय सांगितलंय तुम्हाला आमच्या घरचं? त्यांनी सतरंजीची घडी घातली. मला वाटलं या आता थांबणार, मुलांसाठी थांबतात तशा, आणि मी तोंड मिटून घेतलं. पण त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, ती तुमच्याबद्दलही बरंच सांगते. ते मी जाऊन आजींना सांगू का?" मी म्हटलं, काय सांगते? त्या हसल्या. म्हणाल्या, तिलाच विचारा. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, विचारू नका, नुसते बसा तिच्याजवळ. मला त्यांच्या मऊ आवाजाचा राग आला, आणि त्यांचं बरोबर आहे याचा जास्त.

थंडी पडली होती. कांताचं खाणं कमी झालं, चेहरा लहान झाला. सकाळी शेफाली बालवाडीत, निकिता धाकटीला घेऊन झोपलेली, तेवढा वेळ मी कॉटजवळच्या खुर्चीत बसायला लागलो. विचारायचो नाही. पहिले काही दिवस ती म्हणाली, जा की बाहेर, बघत काय बसलाय. मग म्हणायची थांबली. आणि एक दिवस छताकडे बघत तिनं सुरू केलं. म्हणाली, तुम्ही त्या संध्याकाळच्या वर्गाला जायचात ना. मी चाळिशीचा होतो तेव्हा मार्केटात हमालांसाठी वर्ग निघाला होता, तिथेच मी अक्षरं शिकलो. म्हटलं, हो. म्हणाली, "त्याच्या आधी घरी आलात की सगळं सांगायचात. कुठला आडत्या भांडला, कुणाची गाडी उलटली, केळीवाल्या ज्ञानदेवची बायको पळून गेली. मी यार्डाचं गेट बघितलं नव्हतं, पण मला सगळी माणसं माहीत होती. मग तुम्हाला वाचता यायला लागलं. आलात की पेपर. पेपर नसला तर भेळेचा कागद. ओठ हलायचे, आवाज नाही. मी समोर भाकरी थापत असायची." जरा दम घेतला तिनं. "मला त्या कागदांचा राग यायचा. सवतीचा येतो तसा. एकदा चुलीत घातला पेपर. तुम्हाला वाटलं इंद्रजीतनं फाडला, त्यानं मार खाल्ला."

मी म्हणालो, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, विचारलंत कुठे. हे तिनं रागानं म्हटलं नाही. मला आयुष्यात माझी म्हणून जी एक मोठी गोष्ट वाटत होती, बापानं शिका म्हटलं आणि मी उशिरा का होईना शिकलो, ती तिच्या बाजूनं अशी दिसत होती. तीस वर्षं ती कागदावर जळत होती आणि मला वाटत होतं, या घरात जळणारा मी एकटाच, तोही दोन महिन्यांपासून. मग तिनंच म्हटलं, आता सांगा. मी विचारलं, काय सांगू? म्हणाली, यार्डातलं. मी म्हटलं, कांता, मी यार्ड सोडून किती वर्षं झाली. म्हणाली, मग जुनं सांगा, ज्ञानदेवचं सांगा, त्याची बायको परत आली का? मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आली. एका पहाटे केळीच्या ट्रकमधूनच उतरली. कांता म्हणाली, थापा. पण पुढे? मी पुढे सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली तरी मी सांगत राहिलो.

तेव्हापासून रोज सकाळी सांगत होतो. जानेवारी गेला. काही खरं, काही बनवलेलं, तिला फरक कळायचा आणि ती खोट्याच्याच जागी जास्त हसायची. मला वाटलं आता माझा नंबर लागला. बारा वाजता शेफाली यायची, तोपर्यंत कांता माझी. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी सांगण्याच्या अगदी मधे होतो, लिलावात दोन आडते हमरीतुमरीवर आले होते, तेवढ्यात निकिता शेफालीला घेऊन आली. त्या दिवशी आणायला तीच गेली होती. शेफाली पळत येऊन कॉटवर चढली. कांतानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा. आमचं बोलायचंय."

मी उठलो. शेफालीनं माझ्यामागे दार लोटलं. मी गॅलरीत जाऊन बसलो, समोर सिंहगड रस्त्याच्या बाजूला नव्या बिल्डिंगची क्रेन फिरत होती. आतून शेफालीचा आवाज येत होता, सारखा, मधे मधे कांताचा, शब्द कळत नव्हते. दोघी एकदम हसल्या. मला उठून दाराला कान लावावासा वाटला. मी लावला नाही, पण तो सज्जनपणा नव्हता. निकिता तिथे कपडे वाळत घालत होती म्हणून. बराच वेळ त्या बोलत होत्या. काय ते मला आजही माहीत नाही.

माझी बायको कांताबाई मंगळवारी, अठरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी, शेफाली बालवाडीत असताना वारली.